तिसरी पायरी चुकवताना

दुसरं महायुद्ध संपून फार काळ लोटला नव्हता. जपानमधल्या ओकायामात शिगेओ ताकाहारा हे कान-नाक-घशाचे डॉक्टर एका अकरा वर्षांच्या मुलीवर शस्त्रक्रिया करत होते. तिच्या हिरड्या सडल्या होत्या आणि ती सड जबड्यापर्यंत पोचली होती. खराब भाग काढून झाल्यावर जखम धुवायला त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. खरचटलेल्या गुडघ्यावर हे औषध लावून घेतलेल्या कुणालाही पुढे काय होतं ते ठाऊक असतं. भसभसून पांढरा फेस येतो. इथे एक बुडबुडाही आला नाही. उलट जखमेतलं रक्त तपकिरी-काळं पडलं. पेरॉक्साइडऐवजी सिल्व्हर नायट्रेटची बाटली तर हातात आली नाही ना, अशी शंका ताकाहारांना आली. बाटली बरोबर होती. पुढच्या तपासात दिसलं, की मुलीच्या रक्तात कॅटलेज नावाचं विकर जवळजवळ नव्हतंच, आणि तिच्या काही भावंडांच्या रक्तातही नव्हतं.

जखमेवरचा तो फेस म्हणजे या कॅटलेजची करामत. पेरॉक्साइडचे दोन रेणू घ्यायचे आणि त्यांचे पाण्याचे दोन व ऑक्सिजनचा एक असे रेणू करायचे, एवढंच त्याचं काम. ऑक्सिजन बाहेर पडताना फेस दिसतो. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकले तरी तसाच फेस येतो, आणि बटाटा उकडून घेतला तर येत नाही, कारण उकळीत विकराची घडी विसकटते. हायड्रोजन पेरॉक्साइड पहिल्यांदा तयार करणाऱ्या लुई थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेला 1818 नंतरच्या काही वर्षांत हे आलं होतं, की प्राण्यांच्या ऊतींचा स्पर्श होताच हा पदार्थ फुटतो. कशामुळे, हे कळायला जवळजवळ शतक जावं लागलं.

खरं कोडं वेगळंच आहे. कॅटलेज नसलेली माणसं पुढे जगात इतरत्रही सापडली आणि त्यांतली बरीचशी चांगली धडधाकट होती. काहींना तोंडात व्रण होत, कारण हिरड्यांच्या फटीत राहणारे काही जिवाणू स्वतःच पेरॉक्साइड सोडतात आणि ते तिथे साचत जातं. पण बाकी शरीर ठीक चालायचं. पेरॉक्साइड फोडणारं सर्वांत वेगवान विकर नसूनही माणूस तरतो, याचा अर्थ हे काम आणखी कुणीतरी करत असणार. तो कोण आणि कसा, हे कळण्यासाठी आधी हे पेरॉक्साइड शरीरात मुळात येतं कुठून, तिथपर्यंत मागे जायला हवं.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. दिवसाकाठी ते 360 लिटरच्या आसपास जातं. यातला बहुतेक सगळा पेशींमधल्या तंतुकणिकांत खर्ची पडतो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात आणि शेवटी ऑक्सिजनच्या पदरात पडतात. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळाले, की त्याचं पाणी होतं. अडचण अशी, की ऑक्सिजनच्या रेणूची घडणच त्याला सहसा एका वेळी एकच इलेक्ट्रॉन घेऊ देते. म्हणजे ऑक्सिजनपासून पाण्यापर्यंत उतरायला चार पायऱ्या आहेत. पहिला इलेक्ट्रॉन मिळाला की सुपरऑक्साइड. दुसरा मिळाला की हायड्रोजन पेरॉक्साइड. तिसरा मिळाला की हायड्रॉक्सिल. चौथा मिळाला की पाणी, आणि मग काळजी नाही.

तंतुकणिकेच्या शेवटी बसलेलं विकर ऑक्सिजनला घट्ट धरून चारही पायऱ्या उतरवतं आणि तळाशी पोचेपर्यंत हात सोडत नाही. पण त्याच्या आधीच्या टप्प्यांवर अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन निसटतो आणि जवळून जाणाऱ्या ऑक्सिजनला चिकटतो. तो ऑक्सिजन पहिल्याच पायरीवर अडकतो. वापरलेल्या ऑक्सिजनपैकी एक-दोन टक्के असा अडकतो, असं जुनी पुस्तकं सांगत. जिवंत पेशीत हे प्रमाण त्याहून बरंच कमी असावं, असा आजचा कल आहे. पण 360 लिटरांतला अगदी छोटा हिस्सा धरला, तरी रेणूंच्या हिशेबात तो प्रचंडच होतो.

या चारांत भीती आहे ती तिसऱ्या पायरीची. हायड्रॉक्सिल मूलक जन्मला त्याच जागी, सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आसपास, समोर दिसेल त्या रेणूवर तुटून पडतो. मग ते डीएनए असो, पेशीपटलातली चरबी असो की प्रथिन. क्ष-किरणांची इजा होते तीही मोठ्या अंशी यानेच, कारण हे किरण पाण्याचे रेणू फोडून हायड्रॉक्सिल तयार करतात. अतिरिक्त ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांचं मूळ एकच आहे, असं रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत रॉचेस्टरला काम करताना 1954 मध्ये मांडलं. तेव्हा फारच थोड्यांनी ते मनावर घेतलं.

आणि इथेच या विषयाची किल्ली आहे. हायड्रॉक्सिलला निकामी करणारं एकही विकर सजीवसृष्टीत नाही. असूही शकत नाही, कारण असं विकर जवळ पोचायच्या आत हायड्रॉक्सिलने कुणाला तरी गाठलेलं असतं, आणि विकर पोचलंच तर त्यालाच तो पहिला जाळेल. म्हणून सगळी तटबंदी वरच्या दोन पायऱ्यांवर आहे. पेरॉक्साइडला तिसरा इलेक्ट्रॉन मिळूच द्यायचा नाही. हा इलेक्ट्रॉन देणारा बहुधा मोकळा हिंडणारा लोहाचा अणू असतो. केंब्रिजच्या हेन्री फेन्टनने 1894 मध्ये नोंदवलेली लोह आणि पेरॉक्साइडची ही अभिक्रिया आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. पेशी लोह फेरिटिनसारख्या प्रथिनांत कुलूपबंद ठेवते, त्यामागे हेही एक कारण आहे.

पहिल्या पायरीवरचा पहारेकरी सापडला तो जवळजवळ नको तिथे आडवा आला म्हणून. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अर्विन फ्रिडोविच आणि त्यांचा विद्यार्थी जो मॅककॉर्ड झँथिन ऑक्सिडेज नावाच्या एका विकराची अभिक्रिया अभ्यासत होते. काही प्रथिनांचे नमुने त्यात मिसळले की अभिक्रिया मंदावायची. आधी दोष त्या प्रथिनांना दिला गेला. मग ध्यानात आलं, की नमुन्यांत भेसळीसारखं दुसरंच काहीतरी आहे आणि ते सुपरऑक्साइड गिळून टाकतंय. बैलाच्या रक्तातून त्यांनी ते वेगळं काढलं. ते निघालं निळसर-हिरवं, तांबं असलेलं एक प्रथिन, जे केंब्रिजच्या मान आणि केलिन यांनी 1938 मध्येच शुद्ध करून ठेवलं होतं. तीस वर्षं त्याच्याकडे तांबं साठवण्याची कोठी म्हणून पाहिलं जात होतं. 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी त्याचं खरं काम सांगितलं आणि नाव दिलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज. आपण त्याला एसओडी म्हणू.

एसओडीची रीत हुशारीची आहे. त्यातलं तांबं एका सुपरऑक्साइडकडून जास्तीचा इलेक्ट्रॉन काढून घेतं, तो पुन्हा साधा ऑक्सिजन होतो. मग तोच इलेक्ट्रॉन दुसऱ्या सुपरऑक्साइडला देतं, त्याचं पेरॉक्साइड होतं. एक वर चढला, एक खाली उतरला आणि तांबं होतं तसंच राहिलं. शेजारचं जस्त रचना सांभाळतं. तांब्याकडे जाणाऱ्या वाटेवर धनप्रभारित अमिनो आम्लं आहेत आणि सुपरऑक्साइड ऋणप्रभारित असतो, त्यामुळे तो आपसूक आत ओढला जातो. हे विकर इतकं चपळ आहे, की सुपरऑक्साइड त्याच्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ हीच त्याच्या वेगाची मर्यादा ठरते.

यावर एक आक्षेप घेतला गेला आणि तो चांगला होता. सुपरऑक्साइडचे दोन रेणू भेटले, की कुणाच्या मदतीशिवायही हीच देवघेव होते, आणि तीही बऱ्यापैकी वेगात. मग विकर हवं कशाला? उत्तर ‘भेटले की’ या दोन शब्दांत आहे. पेशीत सुपरऑक्साइड इतकं विरळ असतं, की एकाला दुसरा भेटण्याआधी भलतंच कुणी भेटण्याची शक्यता जास्त. ऊर्जेच्या चक्रातल्या ॲकोनिटेजसारख्या काही प्रथिनांत लोह आणि गंधक यांची नाजूक गुंफण असते. सुपरऑक्साइड ती उसवतो आणि आतलं लोह सुटं होतं. ते लोह पुढे काय करतं ते फेन्टनने सांगूनच ठेवलंय. एसओडी मात्र पेशीत मुबलक असतं आणि सदैव तयार असतं, त्याला जोडीदाराची वाट पाहावी लागत नाही.

माणसात एसओडीचे तीन प्रकार आहेत. तांबं-जस्ताचं मुख्यतः पेशीद्रवात, मँगनीजचं तंतुकणिकांत आणि तिसरं पेशींच्या बाहेर. कोणतं किती मोलाचं, हे जनुकं काढून टाकलेल्या उंदरांनी दाखवलं. पेशीद्रवातलं काढलं तर उंदीर जगतो, पण आयुष्य घटतं आणि यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण वाढतं. तंतुकणिकेतलं काढलं, तर पिल्लं जन्मल्यानंतर काही दिवसांतच, फार तर थोड्या आठवड्यांत मरतात. गळती जिथे आहे तिथलाच पहारा उठवला होता.

पण एसओडीचं कौतुक करताना एक गोष्ट बहुतेकदा सांगायची राहते. त्याने काम केलं, की पेरॉक्साइड तयार होतं. एका विषाचं दुसरं, थोडं सौम्य विष. त्यामुळे दुसऱ्या पायरीवर पहारेकरी उभे नसतील, तर एकट्या एसओडीचा उपयोग नाही.

या दुसऱ्या पायरीवर कॅटलेज आहेच. त्याची क्षमता अचाट आहे, एक रेणू सेकंदाला लाखोंनी पेरॉक्साइड फोडू शकतो. पण हा वेग दिसतो तो पेरॉक्साइडचा पूर आल्यावर. एका अभिक्रियेसाठी त्याला पेरॉक्साइडचे दोन रेणू पाठोपाठ लागतात, म्हणून पेरॉक्साइड विरळ असताना त्याची एवढी क्षमता वापरलीच जात नाही. शिवाय बहुतेक पेशींत ते पेरॉक्सिझोम नावाच्या छोट्या पिशव्यांत बंद असतं. पेशीत रोजच्या व्यवहारात पेरॉक्साइड अत्यल्प असतं, आणि ते अल्प पेरॉक्साइड टिपण्याचं काम दोन घराणी करतात: ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन. ताकाहारांच्या त्या मुलीला, आणि तिच्यासारख्या धडधाकट राहिलेल्या इतरांना, यांनीच तारलं.

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या गाभ्यात सेलेनियम असतं, हे 1973 मध्ये कळलं. मातीत सेलेनियम कमी असेल, तर धान्यात कमी आणि खाणाऱ्यातही कमी. चीनच्या ईशान्येकडच्या केशान परगण्यात 1935 मध्ये हृदयाचे स्नायू दुबळे करणाऱ्या एका आजाराची साथ आली होती. चीनमध्ये ज्या पट्ट्यात हा आजार दिसे, तिथली जमीन सेलेनियमला दरिद्री होती. 1970च्या दशकात तिथल्या मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिल्यावर आजार झपाट्याने ओसरला. पुढे संशोधकांना असंही दिसलं, की सेलेनियमची उणीव असलेल्या उंदरांत वाढलेला एक निरुपद्रवी कॉक्सॅकी विषाणू बदलून हृदयावर हल्ला करणारा होतो. म्हणजे विकर नसल्याचा भुर्दंड फक्त पेशीलाच बसतो असं नाही.

कॅटलेज पेरॉक्साइड फोडताना बाहेरून काही मागत नाही. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मात्र पेरॉक्साइडला एकदम दोन इलेक्ट्रॉन देऊन थेट पाणी करतं, तिसऱ्या पायरीला शिवू न देता, आणि ते दोन इलेक्ट्रॉन कुणीतरी पुरवावे लागतात. ते पुरवतं ग्लुटाथायोन, तीन अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. इलेक्ट्रॉन दिल्यावर ग्लुटाथायोन रिकामं होतं आणि दोन रेणू एकमेकांना जुळून बसतात. त्यांना पुन्हा भरायला एनएडीपीएच लागतं. आणि एनएडीपीएच येतं कुठून? साखरेतून. ग्लुकोजचा एक हिस्सा ऊर्जेच्या नेहमीच्या वाटेने न जाता आडवाटेने जातो, आणि त्या आडवाटेच्या तोंडाशी जीसिक्सपीडी नावाचं विकर बसलेलं असतं. अँटिऑक्सिडंट म्हटलं की डोळ्यांसमोर डाळिंब नि ग्रीन टी येतो. पेशीचा हिशेब मात्र सरळ आहे: हे अखंड चालणारं काम आहे आणि त्याचं बिल ग्लुकोज भरतं.

हे बिल थकलं तर काय होतं, ते लाल रक्तपेशींत स्वच्छ दिसतं. त्यांच्यात तंतुकणिका नाहीत, त्यामुळे एनएडीपीएच मिळवायची ती एकच आडवाट. केंद्रक नाही, त्यामुळे झिजलेलं विकर नव्याने बनवायची सोय नाही. ज्यांच्यात जन्मतः जीसिक्सपीडी कमी किंवा दुबळं असतं, अशी माणसं जगात सुमारे 40 कोटी आहेत. एरवी त्यांना काही जाणवतही नाही. पण मलेरियावरचं प्रायमाक्विन घेतलं, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन घेतलं किंवा बाकल्याच्या शेंगा खाल्ल्या, की पेरॉक्साइड वाढतं, ग्लुटाथायोन रिकामंच राहतं आणि रक्तपेशी फुटायला लागतात. लघवी गडद होते, कावीळ दिसते. आधी फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी, कारण त्यांच्यातलं विकर सर्वांत जास्त झिजलेलं असतं. नव्या पेशी टिकतात, म्हणून सौम्य प्रकारात हा झटका आपोआप थांबतो. कारण हे विकर आहे, हे शिकागोत प्रायमाक्विनचा अभ्यास करताना 1956 मध्ये उलगडलं.

हा दोष आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईच्या पारशी समाजात तो बराच आढळतो, हे 1960च्या दशकातच नोंदलं गेलं. भारतात सापडणाऱ्या एका उत्परिवर्तनाला तर ‘केरळ-कल्याण’ असंच नाव आहे, आपल्या मध्य रेल्वेवरच्या कल्याणवरून. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलग्यांत तो अधिक प्रकट होतो. तान्ह्या बाळाचे कपडे आणि दुपटी डांबराच्या गोळ्या घालून ठेवू नका, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात, ते यासाठी. गोळीतलं नॅफ्थलीन अंगात गेलं, की अशा बाळाच्या रक्तपेशी फुटू शकतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. इतका घातक दोष टिकला कसा, याचं उत्तर मलेरियाच्या नकाशात आहे. जिथे मलेरिया पूर्वापार आहे, तिथेच हा दोष जास्त आहे. पेरॉक्साइडने आधीच डळमळीत झालेल्या रक्तपेशीत मलेरियाच्या परजीवीलाही धड बस्तान बसवता येत नाही.

वनस्पतींची अडचण आपल्याहून मोठी, कारण हरितलवकात भर उन्हात ऑक्सिजन तयारही होतो आणि मोकळे इलेक्ट्रॉनही तिथेच खेळत असतात. तिथे पेरॉक्साइड टिपणारं मुख्य विकर ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज, आणि त्याला इलेक्ट्रॉन देतं ते क जीवनसत्त्व. झाड ते बनवतं स्वतःच्या पानांसाठी. आपण आवळा खातो, तो त्याच्या दृष्टीने योगायोग. आणि बॉम्बार्डियर भुंगेऱ्याने तर या विकरांचा चक्क दारूगोळा केलाय. पोटातल्या एका कोठीत पेरॉक्साइड आणि हायड्रोक्विनोन, दुसरीत कॅटलेज आणि पेरॉक्सिडेज. शत्रू दिसला की दोन्ही एकत्र, आणि उकळत्या पाण्याइतका गरम फवारा थेट त्याच्या तोंडावर.

आता गोळ्यांबद्दल, कारण दुकानात त्याच मिळतात. एसओडीची गोळी गिळली, तर जठर आणि आतडं ती कुठल्याही प्रथिनासारखी पचवून टाकतात. डाळीचं वरण आणि ती गोळी यांत शरीर भेद करत नाही. बीटा कॅरोटिनसारखे छोटे रेणू आत पोचतात खरे. फिनलंडमध्ये 50 ते 69 वर्षांच्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये आले: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. माझ्या मते ‘अँटिऑक्सिडंट’ हे लेबल लावून विकल्या जाणाऱ्या मालाला या आकड्यांनी जेवढं लाजवायला हवं होतं, तेवढं लाजवलं नाही.

पेरॉक्साइड सरसकट शत्रू मानण्यातच घोटाळा आहे. थायरॉइड ग्रंथीला आपलं संप्रेरक बनवायला पेरॉक्साइड लागतं. पेशी एकमेकींच्या निरोपांतही ते वापरतात. एनआरएफ-टू नावाचं प्रथिन संरक्षक विकरांची जनुकं चालू करतं. एरवी कीप-वन हे दुसरं प्रथिन त्याला पकडून नष्ट व्हायला पाठवत राहतं. पेरॉक्साइडसारखं काही टोचलं, की कीप-वनची पकड सुटते आणि विकरांचं उत्पादन वाढतं. कोबी, मुळा, मोहरी या कुळातले तिखट रेणूही प्रयोगशाळेत हीच कळ दाबताना दिसतात. म्हणजे ते संरक्षण करतात ते किंचित चिमटा काढून. जर्मनीतल्या 2009च्या एका प्रयोगात व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेणाऱ्यांत इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. नुसता व्यायाम करणाऱ्यांत तो सुधारला. चिमटाच बसला नव्हता.

आणि हेच पेरॉक्साइड आपलं हत्यारही आहे. जंतू गिळलेली पांढरी पेशी त्याच्यावर मुद्दाम सुपरऑक्साइडचा मारा करते. मग जंतूही आपली विकरं घेऊन येतात. क्षयाच्या जंतूकडे कॅट-जी नावाचं कॅटलेज आहे, ते आपल्या पेशींच्या माऱ्यापासून त्याला वाचवतं. गंमत अशी, की 1952 पासून क्षयावर दिलं जाणारं आयसोनियाझिड हे औषध स्वतः निष्क्रिय असतं. त्याला कार्यक्षम करतं ते जंतूचं हेच कॅट-जी, आणि मग ते औषध जंतूची मेणचट भिंत बनू देत नाही. औषधाला न जुमानणाऱ्या अनेक जंतूंत कॅटलेज उरलेलं नसतं, हे मिडलब्रुक या संशोधकांनी 1954 मध्येच पाहिलं होतं. कारण 1992 मध्ये जनुकाच्या पातळीवर कळलं. कॅट-जी टाकून दिलेला जंतू औषधापासून वाचतो, पण पेरॉक्साइडपुढे उघडा पडतो. त्यातले काही मग पेरॉक्सिरेडॉक्सिनच्या घराण्यातलं आपलं दुसरं विकर वाढवून ती कसर भरून काढतात. पण रुग्णांत सर्वांत जास्त आढळतो तो जंतू याहून बेरकी आहे. त्याच्या कॅट-जीमध्ये 315व्या जागी फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. एवढ्याने औषध कार्यक्षम होणं जवळजवळ थांबतं, आणि पेरॉक्साइड फोडायचं काम बऱ्यापैकी चालू राहतं. थुंकीच्या नमुन्यावर जनुकीय चाचणी करणाऱ्या आपल्या प्रयोगशाळा औषध-प्रतिकाराचा शोध घेताना नेमकी ही 315वी जागा तपासतात.